भाव शून्य झाला, तोटा मात्र झालेला नव्हता

ह्यांच्या मागे ह्यांचं डीमॅट, म्हणजे शेअर ठेवायचं खातं, माझ्या नावावर आलं, तेव्हा स्टेटमेंटमधल्या एका ओळीपुढे भावच नव्हता. एका कापड कंपनीचे १,२०० शेअर. ह्यांनी २०११ साली ७० रुपयांनी घेतलेले. कंपनी कधीच डीलिस्ट झालेली, म्हणजे शेअर बाजारातून बाद. यंदा म्युच्युअल फंड विकून मला दीर्घकालीन नफा झाला होता, म्हणून मी सीएंना म्हटलं, हे बुडालेले ८४,००० त्यातून वजा करा.

ते म्हणाले, "ताई, बुडाले असं आपण म्हणतो. कायदा विचारतो, हस्तांतरण झालं का?"

शेअर खात्यात पडून आहेत तोवर आयकराच्या लेखी तोटा नाही, मग भाव शून्य का असेना. ते कुणाला तरी खरोखर विकावे लागतात. वारशाने आले तरी खरेदी किंमत ह्यांचीच धरतात आणि त्यांनी सांभाळलेली वर्षंही मोजली जातात, हे ऐकून मला बरं वाटलं. डीलिस्ट झालेला शेअर अनलिस्टेड, म्हणजे बाजारात नोंद नसलेला धरतात, त्यामुळे दीर्घकालीन ठरायला चोवीस महिने लागतात. ते केव्हाच उलटले होते.

धाकटे भाऊजी घ्यायला तयार झाले, दहा पैशांना एक. सीएंनी आधी कंपनीचा शेवटचा ताळेबंद मागितला, कारण अनलिस्टेड शेअर वाजवी मूल्यापेक्षा कमी भावाला विकला तर कर मोजताना ते वाजवी मूल्यच विक्री किंमत धरतात. कंपनीची नक्त मालमत्ता उणे होती, म्हणजे मालमत्तेपेक्षा देणी जास्त, म्हणून अडलं नाही. भाऊजींनी १२० रुपये बँकेतूनच पाठवले. मग डीआयएस स्लिप, म्हणजे शेअर दुसऱ्याच्या खात्यात पाठवायची चिठ्ठी. आयएसआयएनचे, म्हणजे शेअरच्या ओळख क्रमांकाचे बारा चौकोन मी एकेक अक्षर स्टेटमेंटशी ताडून भरले, कारणाच्या रकान्यात ऑफ मार्केट (बाजाराबाहेरची) विक्री लिहिलं आणि रकमेच्या जागी १२०. सही करताना हात थांबला. हे शेअर घेतले त्या दिवशी ह्यांनी घरी पेढे आणले होते.

तोटा ८३,८८०. अशा नफ्यातले पहिले सव्वा लाख करमुक्त असतात, पण त्या सवलतीआधीच तोटा नफ्यातून वजा होतो. १२.५ टक्क्यांनी १०,४८५ रुपये कर वाचला, वर सेस. दीर्घकालीन तोटा फक्त दीर्घकालीन नफ्यातूनच वजा होतो. उरलाच तर आठ वर्षं पुढे नेता येतो, पण रिटर्न मुदतीत भरून त्यात तो दाखवलेला हवा.

ह्याच अटीपायी दुसरी रक्कम गेली. जुन्या फाइलीत एका वित्त कंपनीचे ५०० शेअर दिसले, नव्या स्टेटमेंटमध्ये त्यांची ओळच नाही. दिवाळखोरीच्या निवाड्यात ते रद्द झाले होते. हक्क संपुष्टात येणं हेही कायद्याच्या व्याख्येत हस्तांतरणच आहे. भांडवल कपातीच्या, म्हणजे कंपनीने आपलेच शेअर कमी केल्याच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये हे पुन्हा मान्य केलं. सीए म्हणाले, त्या आधारावर त्यांनी दावा नक्की केला असता. पण तो शेअर रद्द झाले त्याच वर्षीच्या रिटर्नमध्ये करायला हवा होता. ते वर्ष ह्यांच्या आजारपणाचं. रिटर्न भरलं, पण हा तोटा दाखवायचं कुणाच्याच ध्यानात आलं नाही, आणि सुधारित रिटर्नची मुदतही सरली.

म्हणून घरात कुणाचं आजारपण असेल, तर डीमॅटचं मार्चचं स्टेटमेंट गेल्या वर्षीच्या शेजारी ठेवून एकदा बघा. एखादी ओळ नाहीशी झाली असेल, तर त्याच आठवड्यात सीएंना फोन करा.