‘हीट’मधला गोळीबार घरी नीट ऐकायचा तर

बँकेच्या दारातून अभिनेता व्हाल किल्मर बाहेर येतो, समोर पोलीस दिसतात आणि तो थेट रायफल चालवतो. मायकेल मान यांच्या ‘हीट’ या चित्रपटातला (१९९५) हा गोळीबार घरातल्या कुठल्याही सिस्टिमचा कस काढतो. लॉस एंजेलिसच्या डाउनटाउनमध्ये बिनगोळीची काडतुसं झाडताना माइकवर जो आवाज आला, तोच मान यांनी चित्रपटात ठेवला. त्यामुळे प्रत्येक फैरीमागे उंच इमारतींवर आदळून परतणारा प्रतिध्वनी ऐकू येतो. आधी कोरडा कडाका, मग क्षणभराने भिंतीभिंतींतून फिरत येणारी थाप. घरी जपायचं ते हेच.

आपल्या दिवाणखान्यात त्याचा पहिला शत्रू म्हणजे उघडी फरशी. बसायच्या जागेवरून एक टाळी वाजवा. टाळीमागून थरथरता आवाज रेंगाळला, तर खोलीचा घुमारा रस्त्याच्या घुमाऱ्यात मिसळणार. स्पीकर आणि सोफा यांच्या मधल्या फरशीवर जाड गालिचा टाका, खिडकीच्या काचेवर जाड पडदा ओढा. गालिचा नसेल तर एकावर एक दोन-तीन सतरंज्या टाका, तेवढ्यानेही फरक कळतो. नवा ॲम्प्लिफायर घेण्याआधी हे करा.

दुसरी नेहमीची चूक सबवुफर (खर्जाचा स्पीकर) वाढवण्याची. गोळीचा कडाका मुख्यतः पुढच्या तीन स्पीकरांतून येतो. सबवुफर चढवला की त्याची धार जाते आणि नुसतं ‘धब्ब’ उरतं. क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे आवाज सबवुफरकडे जातात ती सीमा) ८० हर्ट्झवर ठेवा, रिसिव्हरचा (स्पीकरांना आवाज वाटून देणाऱ्या यंत्राचा) टेस्ट टोन लावून प्रत्येक स्पीकर बसायच्या जागेवर ७५ डेसिबलला जुळवा आणि सबवुफरही तेवढाच ठेवा.

नाइट मोड, डायनॅमिक व्हॉल्यूम वगैरे सगळं बंद. हे चालू असलं की डी निरो आणि पचिनो यांचं कॉफीच्या टेबलावरचं हळू बोलणं आणि रायफल जवळपास एकाच पातळीवर येतात. आवाज त्या कॉफीच्या प्रसंगावर लावा, शब्द स्पष्ट कळतील इतपत, आणि गोळीबार आला तरी रिमोटला हात लावू नका.

२०१७ची ब्लू-रे आणि २०२२ची फोर-के या डिस्कवरचा मूळ इंग्रजी ट्रॅक डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवुफर) आहे, ॲटमॉस (डोक्यावरूनही आवाज देणारा प्रकार) नाही. काही टीव्ही डीटीएस पुढे पाठवतच नाहीत, म्हणून प्लेअर टीव्हीला न जोडता थेट रिसिव्हरला जोडा. प्लेअरमध्ये बिटस्ट्रीम (आवाज न उलगडता तसाच रिसिव्हरकडे पाठवणं) निवडा आणि सेकंडरी ऑडिओ (मेनूचे वगैरे जादा आवाज मिसळणारी सोय) बंद करा. रिसिव्हरवर नुसतं ‘डीटीएस’ उमटलं तर यातलंच काहीतरी राहिलंय.

आता चित्र. २००९ची ब्लू-रे उजळ दिसायची. मान यांच्या देखरेखीखाली झालेल्या नव्या मास्टरवरून (डिस्कसाठीच्या मूळ प्रतीवरून) २०१७ची ब्लू-रे आली, ती जास्त गडद आणि थंड निळी. २०२२ची फोर-के डिस्कही साधारण त्याच वळणाची. टीव्हीत बिघाड आहे असं समजून ब्राइटनेस चढवू नका, खोलीतला दिवा घालवा. फिल्ममेकर मोड (टीव्हीची स्वतःची ढवळाढवळ थांबवणारा मोड) लावा, शार्पनेस, नॉइज रिडक्शन आणि मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारी सोय) काढून टाका. चित्रपट ३५ मिमी फिल्मवर चित्रित झालाय. त्याचे बारीक दाणे पुसायला गेलात की चेहऱ्यावरची कातडी मेणासारखी होते.

शेवटचा विमानतळाचा प्रसंग काळ्या रंगासाठी बघा. अंधार राखाडी दिसला किंवा माणसं काळोखात बुडाली, तर प्लेअर आणि टीव्हीची एचडीएमआय रेंज (काळ्या-पांढऱ्याच्या सीमा ठरवणारी सेटिंग) जुळत नाहीये. दोन्हीकडे लिमिटेड ठेवा.

अमेरिकेतून कोणी डिस्क आणणार असेल तर फोर-केचीच सांगा. फोर-के डिस्कला रिजन कोड (डिस्क कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल ते ठरवणारी खूण) नसतो. साधी ब्लू-रे तिकडे ‘ए’ आणि भारतात ‘सी’ असते, त्यामुळे फोर-केच्या संचातली दुसरी, साधी ब्लू-रे डिस्क इथल्या प्लेअरवर अडू शकते.