वर्षाचं वाचन : तेरावा एकदाचा सुटला

२१ डिसेंबरला रात्री पावणेअकराला ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय संपवला. जूनच्या मध्यावर सुरू केला होता. जुलैपासूनच्या माझ्या नोंदींत 'खिळा बसला आहे', म्हणजे वाचन अडलंय, हे वाक्य तुम्ही इतक्यांदा वाचलंय, की आधी हीच बातमी देते आणि मग वर्षाच्या हिशोबाकडे वळते.

रोज २५ ओव्या, ९ हजारांवर ओव्या, म्हणजे ३६२ दिवस. १ जानेवारीला हे गणित वहीच्या पहिल्या पानावर मांडलं होतं आणि बारावा अध्याय होईपर्यंत ते चोख चाललं. सहावा जड जाईल वाटलं होतं, तोही पार पडला. अकराव्यात तर रोजच्या पंचवीसवर थांबवेना. तेराव्यात १,१७० ओव्या आहेत, म्हणजे ४७ दिवस. ऑगस्ट लागताना चौदावा हातात असायला हवा होता.

अडलं कुठे, ते नीट सांगते, कारण तुमच्यापैकी तिघांनी इथेच पुस्तक मिटलंय. गीतेत ज्ञानाची लक्षणं पाच श्लोकांत येतात. अमानित्व, अदंभित्व, अहिंसा असं करत वीस. माउली एकेका लक्षणाला घेऊन बसतात. हे सगळं संपल्यावर गीता एवढंच म्हणते, की याहून उलट ते अज्ञान. श्लोकाचा एक चरण! पण माउली तेवढ्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात आणि प्रत्येक लक्षण उलटं करून दाखवतात. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी तिथे पोचले आणि सगळं आधी वाचल्यासारखं वाटायला लागलं. पंचवीसच्या पंधरा झाल्या, पंधराच्या पाच. अर्थ कळत होता, पण आत काही उतरत नव्हतं.

त्यातच पाऊस. आमच्या कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. आमच्या गल्लीत आकडा छत्तिसावर गेला की पुस्तकं आधी माळ्यावर चढतात. २०१९ ला दोन खण भिजून लगदा झाले होते, तेव्हापासून यात हयगय नाही. पुस्तकं तीन आठवडे प्लॅस्टिकच्या पोत्यांत होती. खाली उतरवल्यावर वाचायला बसले तर ४३३ ते ४४८ पानांचा फर्मा (एकत्र शिवलेला सोळा पानांचा गठ्ठा) दोनदा शिवलेला आणि ४४९ ते ४६४ चा गायब. प्रत ऑनलाइन मागवलेली. विक्रेत्याचं उत्तर आलं की परत करायची मुदत सात दिवसांची होती. माझं स्पष्ट मत आहे, जाड पुस्तक दुकानात उभं राहून, फर्मे मोजूनच घ्यावं. वीस रुपयांची सूट पुढे फार महाग पडते.

ती सोळा पानं मी करवीर नगर वाचन मंदिरात बसून तिथल्या प्रतीवरून हाताने उतरवली. १८५० पासूनचं हे ग्रंथालय, आणि माझे या वर्षाचे सगळ्यात चांगले चार शनिवार तिथे गेले. त्यांची आवृत्ती निराळी, त्यामुळे ओव्यांचे क्रमांक जुळेनात. पण उतरवताना वेग आपोआप उतरला. ओवी लिहायची तर तिचे साडेतीन चरण तोंडात घोळवावेच लागतात.

खिळा मात्र निघाला तो केएमटीत, म्हणजे आमच्या शहर बसमध्ये. ऑक्टोबरातली संध्याकाळ, राजारामपुरीतून येणारी खच्चून भरलेली बस. एक आजी कडेवरच्या नातवाला सावरत पुढच्याला म्हणाल्या, "जरा सरका की वो, पोरगं कुचंबाय लागलंय!"

कुचंबाय. अहिंसेच्या वर्णनात एक ओवी आहे. भुंगे कमळावर पाय हळुवार ठेवतात, कारण केसर 'कुचुंबैल' अशी त्यांना शंका असते. जूनमध्ये त्या शब्दाखाली मी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केलं होतं, टीपेत 'चुरगळेल' वाचलं आणि पुढे गेले होते. आपल्याकडे 'कुचंबणा' उरली ती बहुतेक मनाची. आजींच्या तोंडी मात्र ती अजून अंगाची होती. सातशे वर्षांपूर्वीचा शब्द माझ्या शेजारी दांडीला धरून उभा होता. घरी येऊन चप्पल काढायच्या आधी ती ओवी काढली.

आणि तेव्हाच दिसलं. खुणेची एक फीत अहिंसेवर, दुसरी अजून अज्ञानावर अडकलेली. पुस्तक दोन्हीकडे उघडं. म्हटलं, जोडीने वाचून बघू. अमानित्वात तो पुरुष बृहस्पतीएवढं ज्ञान असूनही मोठेपणाच्या भीतीने वेडेपणात दडतो. तिकडच्या फितीवर त्याचाच जोडीदार आहे, प्रतिष्ठेवर जगणारा, मानाची वाट पाहणारा, सत्कार झाला की सुखावणारा. एकापाठोपाठ एक वाचले आणि दोन्ही माणसं समोर येऊन बसली. दुसरा तर मला आमच्या ऑफिसात रोज दिसतो. माउली तेच पुन्हा सांगत नव्हते, आरशाची दुसरी बाजू दाखवत होते. मी दोन बाजूंमध्ये चार आठवड्यांचं अंतर पाडलं होतं, म्हणून ती दिसत नव्हती.

मग एक लक्षण आणि त्याचं उलट, अशी रोज एक जोडी. ओव्या मोजणं बंद. पुढचा क्षेत्रज्ञाचा, म्हणजे शरीराला जाणणाऱ्या आत्म्याचा, भाग मोठ्याने वाचला, बाबा ऐकायला बसायचे.

साधनांचं थोडकं : फिती दोनच, त्याही कापडी. कागदी खुणा दमट हवेत पानाला चिकटतात. पेन्सिल एचबी. अडलेल्या शब्दाला तुळपुळे-फेल्डहाउस यांच्या जुन्या मराठीच्या कोशाला (१९९९) पर्याय नाही. पण आधी तो शब्द घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा.

बाकी वर्षात २३ पुस्तकं झाली. कृष्णात खोतांचं 'रिंगाण' दोन बैठकांत, आनंद यादवांचं 'झोंबी' तिसऱ्यांदा. या वेळी त्यांच्या कागलच्या रस्त्याने जाताना मळे वेगळेच दिसले. वाचायच्या थप्पीतली नऊ तशीच राहिली आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

पुढे चौदावा, ४१५ ओव्या. जानेवारीत सुरू करून मेअखेर अठराव्यासकट सगळं संपवायचं, असं या नोंदीच्या सुरुवातीला लिहिणार होते. उरल्यात ३,७०० वर, पंचवीसच्या हिशोबाने पाच महिने पुरतात. पण लिहितालिहिता सोळावा आठवला. दैवी आणि आसुरी संपत्ती! तिथेही जोड्याच असणार. म्हणजे चौदावा-पंधरावा बाजूला ठेवून, तेरावा ताजा आहे तोवर आधी सोळावाच घ्यावा का? बाबांना आत्ताच विचारलं. ते म्हणाले, "क्रम मोडू नको, पण सोळाव्यात एक फीत आजच घालून ठेव."

घातली. हिरवी.