बर्लिन: राजवाड्यातले भाडेकरू

बर्लिनला गेलात तर यू-५ मेट्रोने म्युझियम्सइन्झल स्थानकावर मुद्दाम उतरा. गडद निळं छत आणि त्यात चमकणारे दिव्यांचे तारे, नुसतं तेवढं बघायलाही तिकिटाचे पैसे वसूल होतात. जिना चढून वर आलं की समोर हुम्बोल्ट फोरम, जगभरच्या वस्तूंचं संग्रहालय. प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या राजांचा वाडाच जणू. पण जुना दिसतो म्हणून फसू नका. खरा वाडा पूर्व जर्मनीच्या सरकारने १९५० साली पाडला, नंतर त्या जागी संसद बांधली, पुढे तीही जमीनदोस्त झाली. मग फ्रांको स्तेला या इटालियन वास्तुविशारदाच्या आराखड्याप्रमाणे हा नवाकोरा ‘जुना’ वाडा उभा राहिला आणि २०२१ मध्ये लोकांसाठी उघडला. तीन बाजू जुन्या, नटव्या बरोक शैलीच्या, चौथी साधी, आधुनिक. मला ती चौथीच आवडली, निदान ती खोटं तरी बोलत नाही.

बाहेरच सांचीच्या स्तूपाचं पूर्वेचं तोरण आहे, चांगलं दहा मीटर उंच! मधल्या तुळईवर सिद्धार्थाचं महाभिनिष्क्रमण कोरलंय: घोडा निघालाय, वर छत्र धरलंय, पाठीवर मात्र कोणीच नाही. टापांचा आवाज होऊ नये म्हणून यक्षांनी खूर तळहातांवर झेललेत. एकोणिसाव्या शतकात हेन्री हार्डी कोल या ब्रिटिश अधिकाऱ्याने सांचीत मूळ तोरणाचे साचे घेतले, त्यांवरून केलेल्या प्रती युरोपभर गेल्या, त्यांतली एक बर्लिनला आली. आताचं तोरण २०२२ मध्ये उभं राहिलं, ते मात्र जर्मन आणि भारतीय पाथरवटांनी मिळून घडवलेलं. तेव्हा साचे घेताना सांचीतल्या कोणाला विचारलं असेल, असं वाटत नाही.

मी आले होते ती याच ‘मिळून’साठी. वेगवेगळ्या खंडांतले संग्रहालयवाले एकत्र बसून दालनं मांडतात म्हणजे नक्की काय करतात, हे बघायचं होतं.

आफ्रिकेच्या दालनांत बेनिनचे पितळी फलक आहेत. एकासमोर मी बराच वेळ उभी होते. मधोमध ओबा, म्हणजे तिथला राजा, गळ्यापासून थेट ओठांपर्यंत पोवळ्यांच्या माळा. शेजारचे ढालकरी त्याच्यापेक्षा लहान, कारण इथे उंची ठरते ती मानावरून. मागची मोकळी जागासुद्धा कारागिराने रिकामी सोडलेली नाही, सगळीकडे बारीक पानांची नक्षी. हे राज्य आजच्या नायजेरियात होतं. १८९७ मध्ये ब्रिटिश फौजेने ते लुटलं, ओबा ओव्होनरामवेनला हद्दपार केलं आणि लुटीतल्या वस्तू बाजारात आल्या. बर्लिनने त्या भरपूर विकत घेतल्या.

ऑगस्ट २०२२ मध्ये करार झाला आणि बर्लिनच्या संग्रहातल्या पाचशेहून जास्त वस्तूंची मालकी नायजेरियाकडे गेली. त्यांतल्या साधारण एक तृतीयांश सध्या दहा वर्षांच्या बोलीवर इथेच आहेत. कालपर्यंतचा घरमालक आज भाडेकरू. मी तिथल्या गाईडबाईंना विचारलं, “मग आता पाटीवर काय लिहायचं हे कोण ठरवतं?” त्या हसल्या. “पूर्वी एका बैठकीत ठरायचं. आता महिने जातात.” त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता.

महिने जाणारच. कुठली वस्तू कुठे आहे, इथूनच सुरुवात. ‘डिजिटल बेनिन’ या प्रकल्पाने २० देशांतल्या १३१ संस्थांमधल्या पाच हजारांवर वस्तूंची माहिती एका ठिकाणी आणली. ऐकायला कारकुनी काम. पण प्रत्येक संग्रहालयाची नोंदवही वेगळी, वर्णनाची तऱ्हा वेगळी, आणि नोंदी करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी बेनिन कधी पाहिलेलंही नाही. त्या नोंदींशेजारी आता एडो या तिथल्या भाषेतली नावंही आली आहेत.

शिवाय विषाचा प्रश्न. कीड लागू नये म्हणून युरोपातल्या संग्रहालयांनी लाकडी, चामड्याच्या, पिसांच्या वस्तूंवर वर्षानुवर्षं आर्सेनिक, डीडीटी वगैरे मारलं. आज ज्यांच्या आज्या-पणज्यांनी ती वस्तू केली, त्यांनाही ती हातमोजे घालूनच हाताळावी लागते. २०२२ मध्ये बर्लिनहून नामिबियाला, म्हणजे आफ्रिकेतल्या एका जुन्या जर्मन वसाहतीला, २३ वस्तू संशोधनासाठी गेल्या. दागिने, भाले, पारंपरिक पोशाख घातलेली एक बाहुली. अशी बाहुली कोणाच्या हातात द्यायची तर आधी रसायनांची तपासणी.

टांझानियावरचं प्रदर्शन तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयाबरोबर मांडलेलं. त्यात १९०५ ते १९०७ चं माजी-माजी युद्धही होतं, जर्मन सत्तेविरुद्धचं. त्या काळातली लूट ज्या शहरात आली, त्याच शहरात तो इतिहास टांझानियाच्या लोकांनी सांगायचा. मला हे दालन बेनिनपेक्षा जास्त धीट वाटलं.

आणि मग लुफची नाव. आजच्या पापुआ न्यू गिनीतल्या एका छोट्या बेटावरची, पंधरा मीटर लांब, कोरीवकाम असं की नजर हटत नाही. वाडा बांधून व्हायच्या आधीच, २०१८ मध्ये, ती आत आणून ठेवली आणि मग भिंत बंद केली. दारातून ती बाहेर निघत नाही. उद्या लुफवाल्यांनी मागितली तर भिंत फोडावी लागेल. संयुक्त मांडणीचं कितीही कौतुक केलं, तरी मला या भिंतीच्या पुढे जाता येईना.

जाणार असाल तर मंगळवार टाळा, त्या दिवशी बंद असतं. आफ्रिका आणि ओशिआनिया, म्हणजे प्रशांत महासागरातल्या बेटांच्या दालनांनाच अर्धा दिवस ठेवा, आशियाची दालनं दुसऱ्या दिवशी. आणि पाट्या वाचा, अगदी खालच्या बारीक ओळींसकट. वस्तू कोणाकडून, कधी आणि कशी आली ते तिथेच लिहिलेलं असतं.