सुतळीचे चार पदर

पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर मालकी साग असलेल्या शेतकऱ्यांचा वर्ग होता. सातबारा, हद्दीच्या खुणा, तोडीची परवानगी हे सांगून झालं. १९६४च्या वृक्षतोड कायद्यामुळे स्वतःच्या रानातला सागही परवानगीशिवाय तोडता येत नाही, हे बहुतेकांना ठाऊक होतं. वाहतुकीचा पास वेगळा लागतो, हे मात्र निम्म्यांना नव्हतं.

तेवढ्यात मागून एका बाबांनी विचारलं, "साहेब, परवानगी काढून तोडलेले सागाचे दोन नग, म्हणजे ओंडके, अंगणात पडलेत. व्यापारी जाडाला बारकाच्या दीडपट देतो म्हणतो. बरोबर ना?"

फळा तिथंच सोडून सगळे अंगणात गेलो. दोन्ही नग ४ मीटर, साल काढलेले. टेप मुद्दामच दिला नाही. बाबांनी नगाच्या मध्यावर सुतळी वेढली, टोक जुळलं तिथं चिमटीत धरली आणि दोनदा दुमडून चार पदर केले. बारीक नगाचा पदर १५ सेंमी, जाडाचा साडेबावीस. पदर गुणिले पदर गुणिले लांबी, सगळं मीटरमध्ये: ०.०९ घनमीटर आणि ०.२०२५. म्हणजे सव्वादोनपट! गोलाई दीडपट असली तरी पदर दोनदा गुणला जातो, म्हणून दीड गुणिले दीड. बाबांनी हिशेब पुन्हा करायला लावला, मग सुतळी खिशात घातली.

या मापात गोल ओंडक्याचं घनफळ मुळातच खऱ्यापेक्षा सुमारे २१ टक्के कमी येतं. त्यात सुतळी शेंड्याकडे वेढली की आणखी बुडालं. सालीचंही आधी बोलून घ्यावं. १ सेंमी जाड साल निघाली की गोलाई सव्वासहा सेंमीनं उतरते. भाव सालीसकट आणि मोजणी सालीविना, असं होता कामा नये. न मोजता नुसत्या नगावर सौदा करूच नये, हे माझं स्पष्ट मत.

मग बाबांच्या रानात खुंट पाहिले. वाकायला नको म्हणून गुडघ्याएवढे ठेवलेले. एकेकाला सात-आठ फुटवे. एक हलकेच ओढला तर सालीसकट हातात आला. उंचावरचा फुटवा नुसता खुंटाच्या कडेला चिकटलेला असतो, वाऱ्यात फाटतो. जमिनीलगत, वीतभराच्या आत, साल न फाडता उतरता काप दिला तर पाणी साचत नाही आणि फुटवा बुडाशी धरतो. त्यातला जोमदार एकच ठेवून बाकीचे काढायचे.

"मग हे उंच खुंट?" बाबांनी विचारलं.

पावसाआधी पुन्हा खाली कापा म्हटलं. आधीचे फुटवे त्यात जाणारच.