बावला खून खटला आणि आमच्या चार बैठका

आमच्या वाचनगटात चौदा जण आहेत. पुण्या-मुंबईचे निम्मे, बाकी इंदूर, बेळगाव, दुबई आणि एक ताई टोरांटोच्या. तीन वर्षं आम्ही दर दुसऱ्या रविवारी झूमवर भेटतोय, कादंबऱ्या आणि आत्मचरित्रं वाचतोय. जुन्या काळातला एखादा खरा गुन्हा घेऊन त्यावर बोलावं असं माझ्या मनात बरेच दिवस होतं. बावला खून खटल्यावरचं पुस्तक मी सुचवलं, सगळे लगेच हो म्हणाले, आणि चर्चा घ्यायची जबाबदारीही माझ्याकडेच आली.

घटना थोडक्यात अशी. १२ जानेवारी १९२५ ची संध्याकाळ, मुंबईतला मलबार हिल. पंचविशीतला श्रीमंत व्यापारी आणि महापालिकेचा सदस्य अब्दुल कादिर बावला मोटारीतून फिरायला निघाला होता. सोबत मुमताज बेगम होती, इंदूरच्या होळकर दरबारातून निघून आलेली नर्तकी. मागून आलेल्या मोटारीने त्यांच्या गाडीला धडक दिली. हल्लेखोरांनी बावलावर गोळ्या झाडल्या, मुमताजच्या चेहऱ्यावर वार केले आणि तिला ओढून न्यायचा प्रयत्न केला. गोल्फ खेळून परतणारे लष्करी अधिकारी वाट चुकून नेमके त्याच रस्त्याला लागले होते. ते मध्ये पडले. त्यांच्यातल्या लेफ्टनंट सीगर्टने हातातल्या गोल्फच्या काठीने हल्लेखोरांना झोडपलं. त्यालाही गोळी लागली. बावला वाचला नाही, मुमताज वाचली.

पहिली बैठक मी याच प्रसंगाने सुरू केली आणि तिथेच चुकले. नकाशा दाखवला, गाड्या कुठून आल्या ते सांगितलं. दीड तास मोटारी, पिस्तुलं आणि गोल्फच्या काठ्या यांच्यावरच गेला. सगळे रंगून गेले होते. लॅपटॉप बंद केल्यावर माझ्या लक्षात आलं की एवढ्या वेळात मुमताजचं नाव फक्त दोनदा आलं, तेही 'ती नाचणारी' असं.

दुसऱ्या बैठकीत वाद पेटला. विषय होता, यामागे कोण होतं, इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर होते का. एका सभासदाने ठासून सांगितलं, "महाराजांनीच करवलं, नाहीतर गादी का सोडली?" आमचे इंदूरचे काका एकदम गप्प झाले. त्यांच्या आजोबांनी संस्थानात नोकरी केलेली. अहिल्यादेवींच्या गादीबद्दल त्यांच्या घरात जो आदर आहे, तो आम्हा सगळ्यांना माहीत होता. थोड्या वेळाने ते म्हणाले, "ताई, कोर्टाने म्हटलं नाही ते आपण म्हणायचं असेल तर मी पुढच्या रविवारी येत नाही." आणि त्यांनी कॅमेरा बंद केला.

त्या रात्री मला झोप आली नाही. काकांचं बरोबर होतं, पण प्रश्न विचारणाऱ्यांचंही चूक नव्हतं. मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती क्रम्प यांच्यासमोर खटला चालला, मे १९२५ मध्ये निकाल लागला. तिघांना फाशीची शिक्षा झाली, आणखी काहींना जन्मठेप. इंदूरच्या फौजेतले बडे अधिकारी आनंदराव फणसे आरोपी होते, त्यांचा बचाव बॅरिस्टर जीनांनी केला आणि त्यांची फाशी टळली. हल्लेखोरांच्या मागे आणखी कोणी असावं असं कोर्टालाही वाटत होतं, पण महाराजांना कोर्टाने दोषी धरलं नाही. पुढे इंग्रज सरकारने तुकोजीराव होळकरांपुढे चौकशी किंवा गादी सोडणं असा पेच टाकला, आणि १९२६ च्या फेब्रुवारीत त्यांनी मुलाच्या, यशवंतरावांच्या नावे गादी सोडली. याला कोणी कबुली म्हणेल, कोणी सरकारी दबाव. दोन्ही म्हणता येतं, म्हणूनच नीट बोलायला हवं होतं.

सकाळी उठून मी एक फाइल केली, तिच्यात तीन रकाने. 'कोर्टात सिद्ध झालं', 'कोणीतरी सांगितलं' आणि 'आपला तर्क'. गटावर टाकली आणि लिहिलं की यापुढे बोलताना आपलं वाक्य कुठल्या रकान्यातलं ते आधी सांगायचं. काकांना वेगळा फोन केला. त्यांची समजूत घालायचा प्रयत्न केला नाही. एवढंच म्हटलं, "काका, पहिला रकाना तुम्ही भरा. तुमच्याइतकं बारकाईने कोणी वाचलेलं नाही." त्यांनी चार दिवसांत तो भरून पाठवला, पानांच्या आकड्यांसकट.

तिसरी बैठक माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाची. त्या दिवशी मी खुनाबद्दल काहीच विचारलं नाही. मुमताजच्या जबानीचा भाग आधीच मराठीत करून ठेवला होता, तो बेळगावच्या ताईंना वाचायला दिला. मुमताजने कोर्टात सांगितलं होतं की इंदूरला तिच्यावर पहारा असे, कोणी भेटायला आलं तरी सोबत माणूस ठेवलेला असे. तिला मुलगी झाली. त्या मुलीला दायांनी मारून टाकलं, आणि त्यानंतर तिला तिथे राहायचं नव्हतं. ताई त्या वाक्याशी थांबल्या. चष्मा काढला, पदराने डोळे पुसले, आणि तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं. कोणाचा तरी कुकर शिट्टी देत होता, माईक बंद करायचंही कोणाला सुचलं नाही.

मग एकेकाने बोलायला सुरुवात केली. दरबारातून निघून जाणाऱ्या बाईला त्या काळी काय वाट होती? बावलाकडे ती आसऱ्याला आली की प्रेमाने, आणि हे ठरवणारे आपण कोण? चेहऱ्यावर जखमा घेऊन, अख्ख्या शहराच्या नजरा अंगावर असताना ती साक्षीला उभी राहिली, हे खटल्यातलं सगळ्यात मोठं धैर्य आहे असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. मुलीबद्दलचं विधान कुठल्या रकान्यात टाकायचं यावर बराच वेळ गेला. ते शपथेवर सांगितलेलं होतं, पण त्याचा वेगळा खटला झाला नव्हता. शेवटी काकांनीच सांगितलं, "दुसऱ्यात टाका. पण ठळक अक्षरात, आणि तिच्या नावानिशी."

चौथ्या बैठकीत गाडी तुकोजीरावांच्या पुढच्या आयुष्यावर गेली. १९२८ मध्ये त्यांनी नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी लग्न केलं, तिला आधी हिंदू करून शर्मिष्ठादेवी हे नाव दिलं गेलं, त्यावरून केवढा गदारोळ झाला, हे सांगायला सगळे उत्सुक होते. मी वीस मिनिटं जाऊ दिली आणि मग थांबवलं. विषय रंजक आहे, पण बावलाचा आणि मुमताजचा नाही. त्याला स्वतंत्र बैठक लागेल.

पुढच्या वेळी काय वाचायचं ते अजून ठरतंय. तीन रकान्यांची फाइल मात्र आता कायमची झाली आहे. यावेळी चर्चा इंदूरचे काका घेणार आहेत, आणि त्यांनी कालच सगळ्यांना कळवलंय की पहिली बैठक ज्याच्यावर गुन्हा घडला त्या माणसापासून सुरू होईल.