प्रश्न क्रमांक ६१

लांज्याकडच्या एका ग्रामीण रुग्णालयातली ती सिस्टर आली तेव्हा दुपारचे साडेबारा झाले होते. आषाढातला पाऊस लागलेला. स्टँडपासून ती चालतच आली होती. पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला फुलस्केप कागद काढून तिने माझ्यापुढे ठेवला.

"मॅडम, मी नापास झाले त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण एकसष्टाव्या प्रश्नाचं तुमचं उत्तर बरोबर असेल, तर मी वॉर्डात चुकीचं काम करतेय. खरं काय, तेवढं मला सांगा."

आपत्कालीन शुश्रूषेची विशेष प्रमाणपत्र परीक्षा घेणाऱ्या एका संस्थेच्या प्रश्नपत्रिका समितीवर मी पहिल्यापासून आहे. नोंदणी झालेली, कॅज्युअल्टीत काही वर्षं काढलेली सिस्टर ही परीक्षा देते. शंभर प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. निकालाबरोबर उत्तरतालिका लावली जाते आणि हरकतींसाठी पंधरा दिवस असतात. त्या दिवशी हरकतींचीच बैठक रत्नागिरीत आमच्या रुग्णालयाच्या वाचनालयात चालू होती. बहुतेक हरकती टपालाने येतात. स्वतः कागद घेऊन आलेली ही पहिलीच.

प्रश्न असा होता. शेतात काम करणाऱ्या तीस वर्षांच्या बाईला सॉ-स्केल्ड व्हायपर चावला आहे. काचेच्या कोरड्या नळीत घेतलेलं रक्त वीस मिनिटं न हलवता ठेवूनही गोठलेलं नाही. डॉक्टरांनी सर्पविषावरची लस, म्हणजे एएसव्ही, लिहून दिली आहे. सिस्टरने आधी काय करावं? तालिकेतलं उत्तर होतं, लसीची स्किन टेस्ट. तिने लिहिलेलं उत्तर होतं, ॲड्रेनॅलिन भरून हाताशी ठेवावं आणि ड्रिप चालू करावी.

तिचं बरोबर होतं. वाचताक्षणी मला ते कळलं, आणि प्रश्न माझाच आहे हेही आठवलं.

२००६ साली मी तो लिहिला. आम्ही शिकलो तेव्हा त्वचेत थोडी लस टोचायची, पुरळ किंवा गांध येते का बघायची आणि मग पुढे जायचं, अशी पद्धत होती. मी स्वतः ती कितीतरी वेळा केलेली. २००७ च्या राष्ट्रीय सर्पदंश उपचार मार्गदर्शिकेने टेस्ट डोस देऊ नये असं स्पष्ट सांगितलं. कारणं साधी आहेत. एएसव्हीमुळे जी रिॲक्शन येते ती बहुतेक वेळा पेनिसिलिनच्या ॲलर्जीसारखी नसते, त्यामुळे त्वचेवरच्या टेस्टवरून तिचा अंदाज बांधता येत नाही. टेस्ट कोरी आलेल्या पेशंटला रिॲक्शन येऊ शकते, टेस्ट उमटलेल्याला काहीच होत नाही. वेळ मात्र जातो. म्हणून ड्रिप हळू सुरू करायची, पेशंटजवळून हलायचं नाही आणि अंगावर पित्त उठलं, दम लागला, उलटी आली की ॲड्रेनॅलिन स्नायूत द्यायचं. माझ्या वॉर्डात ती टेस्ट कधीच बंद झाली होती. हात बदलला, पेटीतला कागद तसाच राहिला.

आणि तो राहिला त्यालाही कारण होतं. आमच्या प्रश्नसंचात प्रत्येक प्रश्नाबरोबर त्याचा इतिहास नोंदवलेला असतो. सुरुवातीच्या वर्षांत या प्रश्नाचे आकडे चांगले होते. हुशार मुली बरोबर उत्तर देत, कच्च्या मुली चुकत. त्या वेळच्या हुशार मुलींनी जुनंच पुस्तक पाठ केलेलं होतं. मग तो बरीच वर्षं विश्रांतीला ठेवला आणि यंदा "जुना, खात्रीचा" म्हणून बाहेर काढला. पेपर लावण्याआधी आम्ही सगळ्यांनी तो वाचला होता. जुन्या आकड्यांनी आमचे डोळे बांधले.

गुणांचं गणित बघणारे आमचे सर गप्पच होते. त्यांनी यंदाचा तक्ता पुढे केला. परीक्षेला साठ जणी होत्या. एकूण गुणांनुसार वरच्या २७ टक्के आणि खालच्या २७ टक्के वेगळ्या काढायची रीत आहे, म्हणजे दोन्हीकडे सोळा-सोळा. प्रश्न ६१ चं "बरोबर" उत्तर वरच्या सोळांपैकी चौघींनी दिलं होतं, खालच्या सोळांपैकी अकरा जणींनी. असा उलटा आकडा दिसला की आधी तालिका तपासायची, हे आम्हीच नव्या सदस्यांना शिकवतो. तक्ता आठवडाभर फाईलमध्ये होता. निकाल लावायच्या घाईत तो कुणी उघडला नव्हता, मीही नाही.

तिला चहा दिला. ती बोलली ते मला अजून ऐकू येतं. "आमच्याकडे स्किन टेस्टवरून कायम वाद होतो. मी सांगते, नको करूया. तुमची तालिका लागली आणि दुसऱ्याच दिवशी एका सरांनी ती मोबाईलवर उघडून दाखवली. म्हणाले, बघ, परीक्षेतसुद्धा हेच आहे. त्याच रात्री भातलावणीवरून एक बाई आली, पायाला फुरसं चावलेलं. टेस्ट केली. बसून राहिलो."

बाई वाचली होती. मी दोनदा विचारून घेतलं.

आपला प्रश्न परीक्षेच्या खोलीबाहेर जाऊन कुणाच्या ड्रिपच्या आड येईल, हे इतकी वर्षं या कामात राहूनही माझ्या मनात आलं नव्हतं.

तिची आणखी एक तक्रार होती, कागदावर न लिहिलेली. सॉ-स्केल्ड व्हायपर म्हणजे फुरसं, हे आठवायला तिला वेळ लागला. कातळावर, चिरेखाणीत, गडग्याच्या दगडाखाली असतं ते फुरसं. केसपेपरवर ती तेच लिहिते. सर्पदंश सांभाळता येतो का हे तपासताना आम्ही नकळत इंग्रजी नाव पाठ आहे का हे तपासत होतो, आणि ज्या मुली सर्वांत जास्त फुरशाचे पेशंट बघतात त्यांनाच अडवत होतो. ही हरकत मला पहिलीइतकीच मोठी वाटते. त्याच दिवशी ठरलं, स्थानिक नाव सोबत छापायचं. बर्फात गोठलेल्या बोटांवरचा, परदेशी पुस्तकातून उचललेला एक प्रश्नही त्याच झटक्यात निघाला. आंब्यावरच्या फवारणीतलं विष अंगात भिनलेला माणूस त्या जागी यायला हवा.

विंचूदंशाचा प्रश्न मात्र ठेवला. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी इथल्याच लाल विंचवाच्या पेशंटवर प्राझोसिन हे औषध वापरून दाखवलं आणि ते १९८० च्या दशकात 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकापर्यंत पोहोचलं. जगाला शिकवणारं काम ज्या किनाऱ्यावर झालं, तिथल्या सिस्टरने शिळ्या तालिकेपुढे मान का तुकवावी?

मग खरा वाद झाला, आता करायचं काय? एक डॉक्टर म्हणाले, प्रश्न रद्द करा, सगळ्यांना एक गुण द्या. मी विरोध केला. स्किन टेस्ट लिहिणारीलाही गुण मिळाला तर आपण पुन्हा तेच सांगितल्यासारखं होईल. शिवाय पासाची रेषा आम्ही अँगॉफच्या पद्धतीने काढतो. जेमतेम पात्र अशा शंभर सिस्टर्सपैकी किती जणी हे बरोबर सोडवतील, असा अंदाज प्रत्येक प्रश्नाला समितीतला प्रत्येक जण करतो, आणि त्या अंदाजांच्या सरासरींची बेरीज म्हणजे रेषा. ६१ साठीचा आमचा अंदाजच चुकीच्या उत्तराचा होता. तो खोडून नव्याने केला, तालिका दुरुस्त केली, साठही पेपर पुन्हा मोजले.

तीन जणी पास झाल्या, त्यात ती होती. एक जण रेषेखाली गेली. तिचा निकाल लागून घरी पेढे वाटून झाले असतील. तिचं प्रमाणपत्र काढून घ्यायचं नाही, यावर शेवटी एकमत झालं. चूक आमची, तिने का भरावी? पण मनाला टोचत राहिलं, कारण तीही उद्या फुरशाचा पेशंट घेणार.

दुरुस्त तालिकेचा कागद सही-शिक्का करून लांज्याच्या सिस्टरला दिला. तिने तो त्याच प्लास्टिकमध्ये गुंडाळला. साडेचारची गाडी होती, ती निघाली.

संध्याकाळी मी त्या दुसरीला फोन केला. ती सावंतवाडीकडची. प्रमाणपत्र कायम आहे हे आधी सांगितलं, मग प्रश्न ६१ वाचून दाखवला आणि टेस्ट का करायची नाही ते सावकाश समजावलं. बराच वेळ पलीकडून काही आवाज नाही. मग म्हणाली, "आमच्याकडे अजून करतात हो, मॅडम. उद्या सकाळची ड्युटी आहे माझी. ती मार्गदर्शिका आज रात्रीच पाठवाल?"

साडेआठला पाठवली.