क्यूवाली फाईल

सोमवारी टेबलावर आलेल्या फाईलमध्ये वंशावळ आधीच काढलेली होती. पहिली अडचण तीच.

लंडनमध्ये वारलेला वयस्कर माणूस. मृत्युपत्र नाही, बायको-मुलं नाहीत, नावावर एक छोटं घर. आडनाव क्वे, लिहायचं क्यू-यू-ए-वाय-ई. अशी प्रकरणं तेव्हा सरकारच्या बेवारस मालमत्तेच्या यादीत यायची. कामाच्या दिवशी यादी रोज ताजी व्हायची आणि वारस शोधून देणाऱ्या आमच्यासारख्या कचेऱ्या सकाळीच तिच्यावर तुटून पडायच्या. पहिल्यानं वारस गाठेल त्याचा करार, त्यामुळे घाई ठरलेली. सहकाऱ्यानं शुक्रवारी संध्याकाळीच सगळं जुळवून टाकलं होतं. मृत्यूच्या दाखल्यावर जन्मस्थळ लिव्हरपूल. १९६९ पासून इंग्लंडच्या दाखल्यावर ते असतं, म्हणून निम्मं काम तिथंच होतं. त्यानं आडनावाचा १८८१च्या जनगणनेवरचा नकाशा काढला तर गडद डाग इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या आयल ऑफ मॅन बेटावर, त्याची फिकट छटा लिव्हरपूलवर. मॅनवरून लिव्हरपूलला पिढ्यान्‌पिढ्या माणसं कामाला येत आली आहेत. त्यानं रेघ ओढली आणि बेटावरच्या दोन दूरच्या नातेवाइकांना करारनामेही धाडले.

नकाशा खोटा नव्हता. मॅनवर क्यूनं सुरू होणारी आडनावं भरपूर आहेत: क्वेल, क्वाइन, क्विलियम, क्वर्क. गेलिक भाषेत 'मॅक' म्हणजे मुलगा. बेटावरच्या बोलण्यात 'मॅक'मधला 'म' झिजून गेला आणि शेवटचा 'क' बापाच्या नावाला चिकटून राहिला. स्कॉटलंडमध्ये ज्याचं मॅके झालं, तेच नाव मॅनवर क्वे म्हणून उरलं.

पण त्याच स्पेलिंगचं दुसरं मूळ अक्र्यात आहे. घानाच्या राजधानीतल्या गा लोकांमध्ये क्वे हे पुरुषाचं नाव, आणि गा भाषेच्या आजच्या लिपीत ते के-डब्ल्यू-ई-आय असं लिहितात. त्या लिपीत क्यू हे अक्षरच नाही. बाझेल मिशनच्या पाद्र्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर गा भाषा लिहायला घेतली तेव्हा के-डब्ल्यू वापरलं. इंग्रज कारकुनाच्या हाताला मात्र क्यू-यूचं वळण. म्हणून मिशनच्या वहीत एक स्पेलिंग आणि वसाहतीच्या कागदावर दुसरं. क्वार्टे, क्वार्शी, क्वान्सा या घानाच्या नावांचा क्यू असाच आला. आपल्याला यात नवल वाटू नये. गायकवाडांचं 'ग्विकोवार' आणि शिंद्यांचं 'सिंधिया' त्याच टाकातून उतरलं आहे.

म्हणजे स्पेलिंग एक, घराणी दोन, आणि दोन्ही लिव्हरपूलच्या धक्क्यावर उतरणारी. मॅनची बोट तिथंच लागते आणि पश्चिम आफ्रिकेहून येणाऱ्या एल्डर डेम्पस्टर कंपनीच्या बोटीही वर्षानुवर्षं तिथंच लागत. कोळसा ओढणारे, बॉयलरपाशी राबणारे आफ्रिकन खलाशी टॉक्स्टेथ भागात घर करून राहिले आणि त्यांतल्या अनेकांनी तिथल्याच मुलींशी लग्नं केली. अशा गावी नकाशावरून मूळ ठरवणं धोक्याचं.

नकाशाचं गणितही जरा उलगडून ठेवतो, कारण नवशिके इथंच फसतात. आडनावांचे नकाशे दर दहा लाखांमागे किती माणसं, या मापानं रंगवतात. १८८१ मध्ये मॅनची वस्ती साधारण ५४ हजार, लंडनची ३८ लाख. समजा दोन्हीकडे त्या नावाची पाच-पाच माणसं आहेत. मॅनवर दर येतो ९३, लंडनमध्ये १.३. एकेक घर सारखंच, पण बेटावरचा रंग सत्तर पट गडद! त्यात रंग आजूबाजूला पसरवून गुळगुळीत करायची पद्धत असेल तर एका घराचा डाग शेजारच्या दोन परगण्यांवर सांडतो. आडनाव विरळ असलं की आधी दर बाजूला ठेवायचा आणि डोकी मोजायची.

आजचा नकाशा वेगळंच बोलतो. तो मतदारयाद्यांवरून होतो आणि त्यात क्वे आडनावाचा जोर लंडनवर दिसतो. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या नागरिकाला मतदान करता येतं, त्यामुळे घानाचा पासपोर्ट असलेला माणूसही यादीत असतो. मात्र कोणालाही विकत मिळणाऱ्या खुल्या यादीतून नाव काढून घेता येतं, आणि पुष्कळ लोक काढतात. यादीत नाही म्हणजे गावात नाही, असं धरू नये. १८८१ आणि आज हे दोन नकाशे शेजारी ठेवले की वाटतं, मॅनचं कुटुंब लंडनला सरकलं. तसं काही झालेलं नाही. एक नाव जुनंच होतं, दुसरं नंतर बोटीनं आलं. मधल्या काळाचा पुरावाही तुटक आहे: १९३१ची जनगणना आगीत गेली, १९४१ची झालीच नाही.

मग मृताचा जन्मदाखला आणि त्याच्या आईबापांचा लग्नदाखला मागवला. तातडीचे पैसे भरले की दाखला दुसऱ्या कामाच्या दिवशी निघतो. गुरुवारी दोन्ही हातात आले, आणि या प्रकरणातला लक्षात राहण्यासारखा दिवस तोच.

जन्मदाखल्यावर बाप जहाजावरचा फायरमन, म्हणजे बॉयलरमध्ये कोळसा टाकणारा. पत्ता टॉक्स्टेथचा. आईचं माहेरचं आडनाव लँकेशरमध्ये पैशाला पासरी मिळणारं. यातून काहीच ठरत नाही, मॅनचा माणूसही फायरमन असू शकतो. लग्नाच्या दाखल्यानं मात्र मला खुर्चीत सरळ बसवलं. इंग्लंडच्या त्या काळच्या लग्नदाखल्यावर वधू-वरांच्या बापाचं नाव आणि धंदा असतो. वर क्वे. वराच्या बापाच्या रकान्यात इंग्रजी पहिलं नाव, आणि आडनाव टेटे.

सहकाऱ्यानं पेन्सिलीनं कडेला लिहून टाकलं: 'अनौरस?' बापलेकांची आडनावं जुळली नाहीत की इकडच्या वंशावळीत हाच शेरा पहिला येतो. पण गा भाषेत टेटे म्हणजे पहिला मुलगा. तिसरा मुलगा मेन्सा. मुलींत पहिली डेडे, दुसरी कोर्को. जुळे मुलगे ओको आणि आक्वेते, जुळ्यांनंतरचं मूल ताविया. हे जन्मक्रमाचं नाव झालं. त्याखेरीज बापाच्या घराण्याचं नाव वेगळं मिळतं. गा लोकांत प्रत्येक घराण्याच्या नावांचे ठरलेले संच असतात आणि एका पिढीला एक संच, पुढच्या पिढीला दुसरा, मग पुन्हा पहिला, असे ते आलटून-पालटून येतात. आठव्या दिवशी पहाटे बाळाला घराबाहेर आणून नाव ठेवायच्या विधीला क्पोजिएमो म्हणतात. आपलं बारसं बाराव्या दिवशी, एवढाच काय तो फरक, असं म्हणायचा मोह होतो, पण फरक मोठा आहे: तिथं मुलाला मिळणारं नाव बापाच्या नावासारखं नसणं हाच नियम. जुन्या पद्धतीत कायमचं आडनाव नव्हतंच. ते शाळेच्या हजेरीपटानं, बाप्तिस्म्याच्या वहीनं किंवा जहाजाच्या नोकरीच्या कागदानं पक्कं केलं. एका भावानं स्वतःचं गा नाव आडनाव म्हणून दिलं, दुसऱ्यानं बापाचं, तर सख्खे भाऊ दोन आडनावांनी आयुष्यभर वावरतात.

बापाचं टेटे आणि मुलाचं क्वे यात लपवण्यासारखं काही नव्हतं. उलट याच जोडीनं मॅनची वाट बंद केली. पेन्सिलीचा शेरा मी खोडला.

नुसत्या तर्कावर फाईल पुढे जात नाही. लंडनमधल्या क्यू (Kew) या भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात बीटी ३७२ या मालिकेत खलाशांची पाकिटं आहेत. माणसाची जुनी कार्डं त्याच्या पाकिटात गोळा केलेली, बऱ्याचदा फोटोसकट. शोध आडनाव आणि जन्मसाल यांवर घ्यायचा, पण जन्मसालाला तीन-चार वर्षं इकडेतिकडे सूट ठेवायची, कारण अक्र्यात जन्मलेल्या खलाशाला आपली तारीख नेमकी माहीत असेलच असं नाही. मृताच्या बापाचं पाकीट निघालं. जन्मस्थळ अक्र्या, गोल्ड कोस्ट (म्हणजे आजचा घाना), राष्ट्रीयत्व ब्रिटिश. हा शेवटचा शब्द तेव्हा फार महागाचा होता. १९२५च्या हुकुमानं कृष्णवर्णीय परदेशी खलाशांना पोलिसांत नोंद सक्तीची झाली आणि कागद दाखवता न आलेल्या ब्रिटिश प्रजाजनांनाही परदेशी म्हणून नोंदवलं गेलं. त्यामुळे ही माणसं कागद जिवापाड जपत. आमच्या कामाला तो जपलेपणा अजून उपयोगी पडतो.

आता वारस. शोधताना सगळ्यांत दगा देतो तो ध्वनीवरून नावं जुळवणारा साउंडेक्स. तो पहिलं अक्षर तसंच ठेवतो, स्वर आणि डब्ल्यू-वाय गाळतो, उरलेल्या व्यंजनांना आकडे देतो. क्यूवाल्या क्वेचा संकेत येतो क्यू-०००, केवाल्या क्वेचा के-०००. एकाच नावाची दोन रूपं एकमेकांना कधीच सापडत नाहीत, आणि क्यू-०००मध्ये मॅनचे क्वे सगळे हजर! हस्ताक्षराची गंमत वेगळीच. वळणदार मोठा क्यू उतरवणाऱ्याला दोनचा आकडा वाटतो, कधी जी, कधी ओ. शेपटीवाल्या वायचा जी होतो. म्हणून मी एक कागद कायम भिंतीला लावून ठेवलाय, एका नावाची बारा-चौदा रूपं, आणि प्रत्येक यादीत ती एकेक करून घालायची. कंटाळवाणं काम आहे, पण याला आडवाट नाही.

त्या कागदावर एक रूप के-ए-वाय-ई, म्हणजे के, असंही आहे. ते सुचलं एका जाहीर उदाहरणावरून. अक्र्याहून आलेला संगीतकार केलेब जोनास क्वे १९२२ मध्ये नॉर्थम्प्टनशरमधल्या ब्लिसवर्थ इथं रेल्वे अपघातात गेला. त्याचा लंडनमध्ये जन्मलेला मुलगा जाझ गायक-पियानोवादक झाला तो कॅब के या नावानं. कॅबच्या मुलांपैकी गिटारवादक केलेब आणि गायक फिनले मात्र पुन्हा क्वे. एकाच घरात बाप के आणि मुलगे क्वे, आणि हे सगळं ब्रिटनमध्येच.

मग मी आडनावाचा रकाना कोराच सोडला. १९११च्या सप्टेंबर तिमाहीपासून इंग्लंड-वेल्सच्या जन्मसूचीत आईचं माहेरचं आडनाव छापतात. या सूची शोधून देणाऱ्या फ्रीबीएमडी संकेतस्थळावर तेवढंच घातलं, जिल्हा लिव्हरपूल साऊथ, साल लग्नापासून पुढे पंधरा वर्षं. आडनाव लँकेशरमध्ये सर्रास आढळणारं, त्यामुळे यादी लांबलचक आली. मुलाच्या आडनावाच्या रकान्यात क्यू किंवा के या अक्षरानं सुरू होणारं नाव असलेल्या ओळी तेवढ्या वेगळ्या काढल्या. तीन उरल्या. एक आमचाच माणूस. दुसरीचा दाखला मागवला तर बाप वेगळाच. तिसरी मुलगी, आडनाव के. दाखल्यावर बाप फायरमन, पत्ता त्याच गल्लीतला, आईचं नाव तेच. नोंदणी कारकुनानं 'क्वे' ऐकलं आणि ओळखीचं 'के' लिहिलं, एवढंच घडलं असावं. सख्खी बहीण.

दरम्यान अक्र्याहून निरोप आलाच होता. तिथं कागदापेक्षा अंत्यविधीचं पोस्टर कामाला येतं. मोठ्या फोटोखाली मुख्य शोककर्ते, मुलं, भावंडं, नातवंडं, जावई, सगळ्यांची नावं, कोण लंडनला आणि कोण न्यूयॉर्कला तेही. आपल्या लग्नपत्रिकेवरच्या 'आपले नम्र'सारखी ही यादी घराण्याचा आरसा असते आणि तिच्यातही तोच घोळ: 'भाऊ' म्हणजे चुलतभाऊसुद्धा. पोस्टरवरचा भाऊ घराण्याच्या प्रमुखाच्या, म्हणजे वेकुनुक्पाच्या शपथपत्राशिवाय भाऊ धरायचा नाही. जन्मदाखला आला तर जन्मतारखेच्या आधी नोंदणीची तारीख बघायची. घानात नोंदणी सगळ्यांना सक्तीची झाली १९६५च्या कायद्यानं, त्यामुळे पन्नाशीत काढलेले दाखले सर्रास दिसतात. ते खोटे असतात असं नाही, पण एकटे पुरत नाहीत.

बापानं गोल्ड कोस्टला जाऊन-येऊन दुसरा संसार केला होता. तिथले दोघे मुलगे म्हणजे मृताचे सावत्र भाऊ. शपथपत्र व्यवस्थित, फोटो जुळणारा, शंकेला जागा नव्हती. तरी त्यांना काही मिळणार नव्हतं. मृताचा कायमचा मुक्काम इंग्लंडात, म्हणून कायदा इंग्लंडचा, आणि त्यात क्रम असा: जोडीदार, मुलं, आईबाप, सख्खी भावंडं, मग सावत्र. सख्खं भावंड वारलं असेल तर त्याची मुलं त्याच्या जागी येतात. सख्ख्यांच्या शाखेत एक जरी माणूस निघाला तरी सावत्रांची पायरी येत नाही. सावत्र भाऊ घरी जाऊन सांगणार काय, हा प्रश्न कायद्याला पडत नाही. मला फोन करताना पडला. पलीकडच्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि बहिणीचं नाव काय होतं तेवढं विचारलं.

बहीण बारा वर्षांपूर्वी वारली होती. तिची मुलगी यॉर्कशरमध्ये मिळाली. मॅनच्या दोघांना करार रद्द झाल्याचं पत्र गेलं आणि पुढे आणखी कोणी सख्खं निघालं तर, म्हणून विम्याचा अर्ज भरला. संध्याकाळी भाचीचा फोन आला. मामाचं आडनाव तिनं दाखल्यावर पहिल्यांदा पाहिलं होतं, आईनं कधी क्यू काढला नव्हता म्हणे.

"मग फॉर्मवर कोणतं लिहू? खरं की चुकीचं?"

"तुमच्या जन्मदाखल्यावर आहे ते," मी म्हटलं. "आणि आईच्या रकान्यात आईच्या दाखल्यावर आहे ते. दुरुस्ती करू नका."